गुलाबाचा खुंट आणि ‘मूळचा कोण?’ हा प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गुलाबावर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण कलमी गुलाब म्हणजे एका खड्ड्यातली दोन झाडं. एक वर फुलतं, दुसरं मातीशी व्यवहार करतं. नर्सरीत आपण फुलाचं नाव विचारतो, खुंटाचं कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. सोलापूरकडच्या आमच्या परसात मी गुलाब लावला. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. शेतकरी याला केवडा म्हणतात. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही.

हाच धडा फ्रान्सला फार महाग पडला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीनं तिथल्या द्राक्षांची मुळं खाल्ली. मग अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. पण कोन्याकच्या चुनखडीत तीही पिवळी पडली! १८८७ साली पिएर व्हियाला अमेरिकेत गेले. त्यांनी आधी आपल्यासारखी जमीन शोधली. ती टेक्ससमध्ये सापडली, आणि तिथे चुनखडीतच वाढणारी बर्लांडिएरी वेलही. तिच्या संकरातून पुढचे खुंट तयार झाले.

आपल्या सांगली-सोलापूरच्या बागायतदारांनी डॉगरिज खुंट धरला, तोही टेक्ससकडचाच. कारण साधं: पाणी कमी, क्षार जास्त.

आता गुलाबाकडे या. मल्टिफ्लोरा हा जपानकडचा खुंट आम्लधर्मी मातीत जोमानं वाढतो, चुनखडीत केवडा धरतो. तिथे इंडिका खुंट बरा टिकतो. ‘इंडिका’ म्हणजे आपला, नाही का? नाही! लिनियसच्या १७५३च्या ग्रंथात हे नाव आहे, पण झाड चीनचं. चिनी गुलाब कलकत्त्यामार्गे युरोपात पोचले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले.

आपल्या या मीरा-भाईंदरमध्ये ‘मूळचा कोण?’ हा प्रश्न अधूनमधून तापतो. खुंटाचा इतिहास एवढंच सांगतो, की नावावरून मूळ कळत नाही, आणि मूळ कळलं तरी ते या मातीत जगेल का, हे कळत नाही. त्यासाठी माती बघावी लागते.

मी यंदा आधी माती तपासून घेतली, मग इंडिकावर डोळा भरलेलं रोप आणलं. पानं अजून हिरवी आहेत. तुम्ही नर्सरीत गेलात, तर एवढं जरूर विचारा: खुंट कुठला?