घरात न मावणाऱ्या गोष्टी

फँटसी, विज्ञानकथा, मांगा किंवा भुताखेतांच्या जगातल्या प्रेमकथा यांपैकी काय वाचावं, असं तरुण वाचक मला अधूनमधून विचारतात. नवी नावं मी सांगतेच, पण यादी १८६८ पासून सुरू करते.

त्या वर्षी नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना मला मोलाची वाटते, कारण रिसबूड तिथे आपली अडचण मोकळेपणी सांगून टाकतात. आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांनी लोकांच्या आयुष्यात रंगवून सांगावेत असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण. रोजचंच लिहिलं तर त्यात कोणी रमणार नाही. मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मुलामुलींची लग्नं त्यांना समज यायच्या आत उरकली जात होती. तिथे नायक-नायिकेने एकमेकांना भेटायचं कुठे आणि प्रेमात पडायचं कधी?

त्याआधी अकरा वर्षं, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची खरी स्थिती लिहिली होती. पुढे हरिभाऊ आपटे आले. मधल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांच्याकडे आपले वाङ्मयेतिहास पोरवयातल्या खोडीसारखे पाहतात. मला ते पटत नाही. रिसबुडांना वास्तवाचं वावडं नव्हतं. त्यांच्या भोवतीच्या घरांत त्यांच्या गोष्टीला जागा नव्हती, एवढंच. शिवाय मराठीने (आणि कन्नडनेही) या अख्ख्या वाङ्मयप्रकाराला जे नाव दिलं, ते बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आलं, आणि तिच्यात शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, माणसासारखा बोलणारा पोपट आहे, प्रियकराचं कलेवर जपत त्याची वाट पाहणारी नायिका आहे. आज दुकानात ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ अशी पाटी लावलेल्या फळीवर ती सहज बसेल.

घरात न मावणारी गोष्ट म्हणून दुसरं नाव मी रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’चं सांगते. १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आलेली ही छोटी इंग्रजी कथा. घरात पडदा पाळणाऱ्या या बंगाली लेखिकेने एक असा देश कल्पिला, जिथे पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत आणि राज्य बायका चालवतात. नुसती अदलाबदल करून त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या नायिका शास्त्रज्ञ आहेत: ढगांतलं पाणी फुग्याने थेट उतरवून घेतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि तीच उष्णता शत्रूच्या सैन्यावर सोडून लढाई जिंकतात. अर्ध्या तासात वाचून होते. सौरचुलीचं आता नवल राहिलेलं नाही. त्या बायकांचं रस्त्यावरून निर्धास्त चालणं मात्र वाचताना आजही थबकायला लावतं.

शास्त्रज्ञांची तऱ्हा वेगळी. १८९६ मध्ये ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या मालकांनी कलकत्त्यात कथास्पर्धा ठेवली, तेव्हा जगदीशचंद्र बोस यांनी निनावी कथा पाठवली. तिच्यात डोक्याच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून चक्रीवादळ शमवलं जातं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज.! अक्षर ओळखीचं वाटू नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. बक्षीस त्यांनाही मिळालं. दोघांनी नाव का झाकलं असावं? परीक्षकांनी नावाकडे पाहून निकाल देऊ नये, हे एक सरळ कारण. मला मात्र त्यात थोडा चोरटा आनंदही दिसतो.

नारळीकरांचं एकच वाचायचं असेल तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, कारण १७६१ मध्ये विश्वासरावांना लागायची गोळी त्यांना चाटून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. मराठी माणसाच्या मनात ‘पानिपत’ हा शब्दच पराभवाचा. त्यामुळे ही कथा गुदगुल्या करते आणि दुखरी जागाही दाबते. तरी ती विजयाचं स्वप्न विकत नाही. गायतोंड्यांच्या खिशात उरतो तो बखरीचा एक कागद, आणि त्यावरून निघते पुंजभौतिकीची चर्चा. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षं होतं. म्हणजे देशभरच्या कितीतरी मुलांनी ही मराठी गोष्ट वाचली आहे, ती मराठी आहे हे न कळता.

मांगा मागणाऱ्यांना बहुधा अलीकडचं काहीतरी हवं असतं. मी त्यांना मोतो हागिओ यांची १९७५ ची मालिका सुचवते. इंग्रजीत तिचं नाव ‘दे वेअर इलेव्हन’. अंतराळयानातल्या परीक्षेसाठी दहा उमेदवार पाठवलेले असतात, आत गेल्यावर मोजतात तर अकरा. पण माझा जीव अडकतो तो फ्रोल या पात्रात. त्याच्या लोकांत वयात येईपर्यंत ना स्त्री ना पुरुष, आणि पुरुष होण्याचा मान फक्त थोरल्याला. परीक्षेत नापास झालं तर फ्रोलला कुणा सरदाराच्या अनेक बायकांपैकी एक व्हावं लागणार. हे आलं मुलींसाठीच्या मासिकात. रिसबुडांची प्रस्तावना वाचून लगेच हे वाचलं तर शतकाचं अंतर जाणवत नाही: लग्नाची रीत तीच, पळायची जागा तेवढी लांबची.

भयकथा हवी असेल तर अर्थात नारायण धारप. ‘तुंबाड’ सिनेमाचं बीज त्यांच्या कथेत आहे, एवढं सांगितलं की पुढचा आग्रह करावा लागत नाही.

आणि नव्यातलं एक: श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३), नेब्युला पुरस्कार मिळालेली. फेटर नावाच्या मुलाची सावली जन्मतःच त्याची आई उपटून टाकते आणि त्याच्या बापाला, एका जगद्वंद्य धर्मपुरुषाला मारण्यासाठी त्याला वाढवते. घर सोडून गेलेल्या बुद्धाच्या मागे राहिलेल्या मुलाची आठवण यावी, अशी ही मांडणी. तेझुका ओसामूंची ‘बुद्ध’ ही मांगामालिका तुम्ही वाचली असेल तर या दोन्ही एकापाठोपाठ घ्या, आधी तेझुका. चंद्रशेखरांच्या पुस्तकाची पहिली पन्नासेक पानं जड जातील, तेवढी नेटाने काढा.