छिन्नमनस्कता आणि एरोबिक व्यायाम

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) या मानसिक आजारात औषधोपचारांना पूरक म्हणून भरभर चालणे, सायकल चालवणे, पोहणे असे एरोबिक व्यायाम सुचवले जातात. औषधांमुळे बहुतेक रुग्णांचे भास व संभ्रम आटोक्यात येतात. मात्र स्मरणशक्ती व एकाग्रता यांतील उणिवा सहसा टिकून राहतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १० चाचण्यांतील ३८५ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात अशा व्यायामामुळे आकलनक्षमता सुधारल्याचे व प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली अधिक लाभ झाल्याचे आढळले. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांमुळे वजन व मधुमेहाचा धोका वाढतो. हृदयविकार हे या रुग्णांच्या अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळेही हा व्यायाम महत्त्वाचा ठरतो. निरुत्साह हे आजाराचेच लक्षण असल्याने व्यायामात सातत्य राखण्यासाठी रुग्णाला सोबतीची गरज भासते. व्यायाम हा औषधांना पर्याय नाही.