पाणी पंचायत

पाणी पंचायत : पाणी सर्वांचे मानून त्याची माणशी वाटणी करणारी, पुरंदर तालुक्यात (जि. पुणे) रुजलेली चळवळ. प्रवर्तक पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे (मृत्यू २००२).

नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूर भागात बारमाही बागायत आली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने पुढे याच पट्ट्यातल्या उसावर उभे राहिले. ऊसकऱ्याला कारखान्याचा मालक करणे हे सहकाराचे मोठेच काम. पण ज्याचे रान भिजते त्यालाच त्यात स्थान मिळाले. शेजारच्या पुरंदरच्या चढावरील गावांना कालव्याचे पाणी मिळण्यासारखे नव्हते. १९७२च्या दुष्काळात तेथील हाल पाहून साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव व विहीर करून पाणी उपसून वर नेले. या कामासाठी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली.

चळवळीचा गाभा तिच्या नियमांत आहे. अशी उपसा सिंचनाची योजना गटालाच मिळे, एकट्या शेतकऱ्याला नाही. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. म्हणजे पाच माणसांच्या घराची जमीन दहा एकर असली, तरी भिजायची अडीच एकरच, उरलेली कोरडवाहू. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. भूमिहीनांनाही वाटा होता. तो घेऊन त्यांना दुसऱ्याचे रान वाट्याने करता येई. उसाला बंदी होती. पाण्याची पाळी गटाने नेमलेला पाटकरी सांभाळी. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा, निम्मा सरकारी अनुदानातून यायचा आणि उरलेला प्रतिष्ठान बिनव्याजी कर्जाऊ द्यायचे. आधी स्वतःचे पैसे घातल्यामुळे योजना लोकांना आपली वाटे.

चळवळ सरकारला टाळून चालली नाही. अनुदान व उपशाची परवानगी तिला लागतच होती. मात्र पाणी कोणाला किती, हे ठरवण्याचा अधिकार तिने गटाकडे ठेवला. राज्याच्या २००५च्या कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे दिले, पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांपुरतेच राहिले. पाणी पंचायतीतली सर्वांत न्याय्य गोष्ट, भूमिहीनाचा पाण्यावरचा हक्क, कायद्यात उतरली नाही. दक्षिण महाराष्ट्रातील समन्यायी पाणी वाटपाच्या चळवळीने मात्र ती मागणी लावून धरली.