औषधकपात (व्यसनमुक्तीतील)
व्यसनातून सावरणाऱ्या रुग्णाला गरज न उरलेली औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करण्याची पद्धत. दारू सोडताना झटके व भ्रम टाळण्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोरॅझेपॅम देतात. ते साधारण आठवडाभरात उतरवत बंद करायचे असते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या (स्थापना १९८६) केंद्रात राहून घरी परतलेल्या माणसाची कसोटी पुढे लागते. जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली, तर एका व्यसनाच्या जागी दुसरे येते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही सवय लावू शकणारी औषधे २०१४ पासून औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते.

दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी एकदम तोडणे मात्र जिवावर बेतू शकते. सामान्यतः दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात करतात. त्रास वाढल्यास थांबतात. घरच्यांनी गोळ्या लपवणे ही कपात नव्हे.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील औषध ब्युप्रेनॉर्फिन ‘अनावश्यक’ समजू नये. ते घाईने सोडल्यास व्यसन उलटते, आणि सहनशक्ती घटलेल्या शरीराला नशेची पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते.