श्रावण घेवड्याचे मूळ घर

हैदराबादच्या विद्यानगरात परसात घेवडा लावणाऱ्या मराठी गृहिणीला तो आपल्या आजोळचाच वाटतो. ज्याच्या नावातच श्रावण, तो परका कसा असेल? परंतु इतिहासाचा निवाडा निराळा आहे.

दक्षिणेत पुरातन काळापासून पिकत आली ती वालाची शेंग. तेलुगू शेजारीण जिला चिक्कुडु म्हणते ती हीच. श्रावण घेवडा मात्र मेक्सिको व अँडीज पर्वताच्या सौम्य हवेच्या डोंगराळ प्रदेशांत, तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी रानवेलीतून घडविला. १४९२ नंतर तो युरोपात पोहोचला. १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात त्याचे चित्र छापले गेले. पुढे समुद्रमार्गे तो भारतात आला आणि असा रुजला की, त्याच्याच कुळातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

हा वृत्तान्त केवळ कुतूहलाचा नव्हे. देश बदलला, नाव बदलले, पण झाडाचा स्वभाव बदलला नाही. दख्खनच्या कडक उन्हात त्याची फुले गळतात आणि दोष मात्र मातीला किंवा बियाण्याला दिला जातो. म्हणून विद्यानगरात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत बी दोन बोटे खोल टोकावे. फुलोऱ्यात ओल तुटू देऊ नये, पण पाणी साचूही देऊ नये. सुमारे दोन महिन्यांत शेंगा धरतात. त्या कोवळ्या असतानाच तोडल्या, तर झाड पुन्हा फुलते. पाहुण्याचे मूळ घर ठाऊक असले, म्हणजे त्याचा पाहुणचार चुकत नाही.