कोरियाची टपाल तिकिटे : ओळख आणि किंमत

घरातल्या जुन्या अल्बममध्ये जपान, चीन आणि ‘इतर’ अशी पाने असतात. कोरियाची तिकिटे बहुधा याच पानांवर चुकून चिकटवलेली सापडतात. आजोबांनी किंवा काकांनी जमवलेला असा संग्रह हाती आला की पहिला प्रश्न किमतीचा येतो, पण आधी ओळख पटायला हवी. ती पटेपर्यंत पाकिटावरचे एकही तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. कोरियाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण इथे बरेचदा तिकिटापेक्षा त्यावरचा शिक्का मोलाचा असतो.

याचे पहिले उदाहरण अगदी आरंभीचेच आहे. कोरियाची टपालसेवा १८ नोव्हेंबर १८८४ रोजी सुरू झाली. तिकिटे जपानमध्ये छापून घेतली होती. ५, १०, २५, ५० आणि १०० मून अशा पाच किमती ठरल्या होत्या, पण वापरात आल्या त्या पहिल्या दोनच. ४ डिसेंबरला टपाल कार्यालयाच्या उद्घाटनाच्या मेजवानीतच सत्तापालटाचा प्रयत्न झाला आणि तीन आठवड्यांत सेवा बंद पडली. उरलेली तिकिटे पुढे एका जर्मन व्यापारी पेढीमार्फत संग्राहकांकडे गेली. त्यामुळे २५, ५० आणि १०० मूनची कोरी तिकिटे सव्वाशे वर्षांहून जुनी असूनही सहज मिळतात आणि महाग नाहीत. उलट ५ किंवा १० मूनचे खरोखर वापरलेले तिकीट अतिशय दुर्मीळ आहे. साहजिकच बनावट शिक्क्यांचा सुळसुळाट आहे. मोठ्या तीन किमतींच्या तिकिटांवर टपालाचा शिक्का दिसला, तर तो नंतर मारलेला समजावा.

टपालसेवा पुन्हा सुरू झाली ती १८९५ मध्ये. त्या वेळची तिकिटे वॉशिंग्टनला छापलेली असून त्यांवर मधोमध गोल ‘तेगुक’ चिन्ह आहे. १९०३ ची ससाण्याची मालिका पॅरिसमध्ये छापली गेली. तिच्यावर देशाचे नाव फ्रेंचमध्ये ‘कोरे’ असे, ‘सी’ अक्षराने लिहिले आहे, म्हणून पुष्कळांना ती ओळखू येत नाही. १९०५ मध्ये टपालखाते जपानकडे गेले आणि १९४५ पर्यंत तिथे जपानी तिकिटेच चालली. तेव्हा ‘जपान’च्या पानावरचे शिक्के भिंगाखाली वाचून पाहा. केइजो म्हणजे सोल, फुसान म्हणजे बुसान, जिन्सेन म्हणजे इंचॉन. चार आण्याचे वाटणारे तिकीट अशा शिक्क्यामुळे कोरियाच्या संग्रहात मानाची जागा मिळवते.

१९४५ नंतर दोन कोरिया झाले. रोमन अक्षरांत ‘डीपीआर कोरिया’ किंवा ‘डीपीआरके’ असेल तर तिकीट उत्तरेचे. ‘रिपब्लिक ऑफ कोरिया’ किंवा नुसते ‘कोरिया’ असेल तर दक्षिणेचे. दक्षिणेच्या १९५० च्या दशकातील काही तिकिटांवर ४२८८, ४२९० असे आकडे दिसतात. ते अनुक्रमांक नाहीत, तर तानगुन शकाची वर्षे आहेत. त्यातून २३३३ वजा केले की इसवी सन मिळतो. किंमत ‘ह्वान’मध्ये असेल तर तिकीट १९५३ ते १९६२ या काळातले. उत्तरेच्या तिकिटांवर शिक्का आहे आणि मागचा डिंकही शाबूत आहे, असे दिसले तर ते संग्राहकांसाठी कारखान्यातच शिक्के मारलेले तिकीट. दिसायला देखणे, बाजारात स्वस्त. उत्तरेच्या सुरुवातीच्या तिकिटांची पुनर्मुद्रणेही पुष्कळ आहेत.

आपल्या घरांत सापडण्याचा संभव ज्याचा अधिक, ते तिकीट मात्र खरे तर भारताचे आहे. कोरियन युद्धानंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची देखरेख भारतीय सैन्याकडे आली. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. जवानांच्या पत्रांसाठी १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापून १७ ऑक्टोबर १९५३ रोजी १२ तिकिटे काढली गेली. (कटक म्हणजे इथे सैन्य, ओडिशातले शहर नव्हे.) मूळ मालिका साधी आणि मुबलक असल्यामुळे तिच्यावर खोटी छपाई करणारे कमी नाहीत. म्हणून भिंगातून पाहावे : शिक्का छपाईच्या वर हवा. छपाईची शाई शिक्क्यावर चढलेली असेल, किंवा शिक्क्याची तारीख ऑक्टोबर १९५३ च्या आधीची असेल, तर तिकीट बाजूला ठेवावे. ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग’ असे छापलेली तिकिटे निराळी. ती १९५४ ची, इंडोचायनाची. आणि घरातल्या कुणा फौजी माणसाचे पत्रच फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यासह जपलेले असेल, तर पाकीट, पत्र, तिकीट सगळे एकत्रच राहू द्या. कात्री लावली की किंमतही गेली आणि पुरावाही.

बाकी मोजमाप इतर देशांच्या तिकिटांसारखेच. दातेरी कडा पूर्ण आहेत का, चित्र मधोमध बसले आहे का, कागद कुठे विरळ झाला आहे का, दमट हवेने तपकिरी डाग पडलेत का, हे पाहायचे. स्कॉट, स्टॅन्ले गिबन्स किंवा मिशेलच्या कॅटलॉगमधला आकडा निर्दोष तिकिटाचा असतो. विक्रेता त्याचा अंशच देतो. खरा भाव कळतो तो लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमतींवरून. १९०५ पूर्वीचे वापरलेले तिकीट तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय विकत घेऊ नये, आणि तपासून घेतल्याशिवाय विकूही नये.