माइंड मॅप वापरून लेखाची आखणी कशी करायची?

माझी मावसबहीण पुण्यात राहून यूपीएससीची तयारी करते. गेल्या वर्षी तिने मला व्हॉट्सॲपवर एका माइंड मॅपचा फोटो पाठवला. मधोमध 'दुष्काळ' लिहिलेलं, त्यातून सहा रंगांच्या सहा फांद्या, प्रत्येकीला बारीक बारीक डहाळ्या. बघायला एकदम झकास. खाली मेसेज: "दादा, मॅप भारी झालाय ना? पण निबंध वाचून सर म्हणाले, ही यादी आहे, निबंध कुठे आहे?"

मी निबंध मागवून वाचला. सरांचं बरोबर होतं. सहा फांद्यांचे सहा परिच्छेद झाले होते आणि त्यातल्या कुठल्याही दोघांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नव्हतं. यूपीएससीच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात. प्रत्येक १००० ते १२०० शब्दांचा, प्रत्येकाला १२५ गुण. तिथे यादी देऊन भागत नाही.

मॅप काढणं हे एक काम आहे आणि त्या मॅपचा लेख करणं हे दुसरं. बहुतेक ठिकाणी पहिलंच शिकवतात. या लेखात आपण दोन्ही बघू, पण जास्त वेळ दुसऱ्यावर घालवू.

माइंड मॅप म्हणजे नेमकं काय?

कागदाच्या मध्यभागी विषय लिहायचा, त्यातून मुख्य मुद्द्यांच्या फांद्या काढायच्या आणि प्रत्येक फांदीला उपमुद्दे जोडायचे. हे नाव आणि ही पद्धत लोकप्रिय केली ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी. १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांची 'यूज युवर हेड' ही मालिका आली, त्यातून ती घराघरात पोचली. कागद आडवा धरा, रंग वापरा, एका फांदीवर एकच शब्द लिहा, हे त्यांचे नियम. ज्ञान झाडासारखं मांडायची कल्पना मात्र खूप जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्याच्या नावाने असं एक झाड ओळखलं जातं.

कन्सेप्ट मॅप ही वेगळी गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. त्यात कुठलाही मुद्दा कुठल्याही मुद्द्याला जोडता येतो आणि जोडणाऱ्या रेषेवर 'मुळे होतं', 'वर अवलंबून आहे' असं लिहायचं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हो, माइंड मॅपमुळे 'उजवा मेंदू जागा होतो' वगैरे व्हिडिओ दिसले तर सोडून द्या. मेंदूची कामं अशी डावी-उजवीकडे सरळ वाटलेली नाहीत.

झाड आणि रेघ

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला माइंड मॅप बघितला की 'ट्री' दिसतो. तुमच्या फोनमधल्या फाईल मॅनेजरसारखा: एका फोल्डरमध्ये अनेक फोल्डर, पण प्रत्येक फोल्डरचा बाप एकच. लेख मात्र झाड नसतो, ती एक रेघ असते. वाचणारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकाच वाटेने जातो.

आता झाडाची रेघ करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पहिली फांदी टोकापर्यंत संपवायची, परत मुळाशी यायचं, मग दुसरी फांदी. कॉम्प्युटर हेच करतो. बहिणीनेही हेच केलं होतं. प्रत्येक परिच्छेद संपला की ती पुन्हा 'दुष्काळ' या शब्दापाशी येत होती आणि नव्याने सुरुवात करत होती. म्हणून ती यादी वाटत होती.

मग आम्ही काय केलं?

तिच्या सहा फांद्या अशा होत्या: पाऊस, पिकं, भूजल, स्थलांतर, सरकारी योजना, उपाय. बुझान यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीवर एकच शब्द. सुरुवातीची पाच-सात मिनिटं हे ठीक आहे, कारण डोक्यातलं भराभर बाहेर पडतं. पाठांतरालाही ते उपयोगी पडतं. पण लिहिण्यासाठी मला हा नियम पटत नाही. 'पिकं' हा शब्द काहीच म्हणत नाही. म्हणून मी तिला सांगितलं, "आता प्रत्येक शब्दाचं वाक्य कर. म्हणजे तुला काय म्हणायचंय ते कळेल."

'पिकं' चं झालं: 'पाणी कमी असलेल्या मराठवाड्यात वर्षभर शेतात उभा राहणारा ऊस लावला जातो.' 'भूजल' चं झालं: 'पाऊस कमी पडला की बोअर आणखी खोल जाते.' 'स्थलांतर' चं झालं: 'बीडमधली कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात.' 'सरकारी योजना' चं वाक्य काही केल्या होईना. तिथे नऊ योजनांची नावं होती, म्हणणं काहीच नव्हतं. जलयुक्त शिवार ठेवली, बाकी आठ कापल्या. तिला फार जड गेलं, कारण ती पाठ केलेली होती!

मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दादा, ऊस दोन्हीकडे आहे." पिकांच्या फांदीवरही ऊस आणि स्थलांतराच्या फांदीवरही. झाडात या दोघांची भेट होतच नाही, कारण फांद्या वेगळ्या. आम्ही दोन्हींमध्ये एक तुटक रेषा काढली आणि कन्सेप्ट मॅपसारखं त्या रेषेवर लिहिलं: 'ज्या भागाचं पाणी ऊस पितो, त्याच भागातली माणसं दुसरीकडचा ऊस तोडायला जातात.' निबंध तिथे सापडला. सहा रंगांच्या फांद्यांमध्ये नव्हता, त्या एका तुटक रेषेत होता.

उरलं ते क्रम लावणं. प्रत्येक वाक्याला आकडा दिला, आणि दोन शेजारच्या वाक्यांमध्ये 'म्हणून', 'पण' किंवा 'तरीही' बसतं का ते पाहिलं. नुसतं 'आणि' बसत असेल तर क्रम पुन्हा बदलायचा. सुरुवात केली एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने नेलेल्या पाण्यापासून. हा मुद्दा मूळ मॅपमध्ये 'उपाय' च्या एका कोपऱ्यातल्या डहाळीवर पडून होता. मॅपमधली जागा आणि लेखातली जागा यांचा संबंध असतोच असं नाही.

फोनवर करायचं तर

खरं सांगू? पहिला कच्चा मॅप कागदावरच काढा. सहा-साडेसहा इंची स्क्रीनवर झूम करून करून वैताग येतो आणि पूर्ण मॅप एका नजरेत कधीच दिसत नाही. फोन उपयोगी पडतो तो दुसऱ्या टप्प्यात. एक्समाइंडमध्ये 'आउटलाइनर' नावाचा व्ह्यू आहे. त्यात तोच मॅप एकाखाली एक ओळींमध्ये दिसतो आणि ओळी वर-खाली सरकवता येतात. झाडाची रेघ करायला हेच पाहिजे. तुटक रेषेसाठी त्यात 'रिलेशनशिप' हा पर्याय आहे. लॅपटॉप असेल तर फ्रीप्लेन बघा. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे, जुन्या फ्रीमाइंडपासून तयार झालेलं.

मराठीत लिहिताना एक काळजी घ्या: पीडीएफ एक्स्पोर्ट केल्यावर जोडाक्षरं तुटली नाहीत ना, ते उघडून बघा. काही ॲप्समध्ये 'प्रश्न' चा 'प् रश् न' होतो.

आणि ॲप निवडण्याआधी फाईल बाहेर काढता येते का ते तपासा. हे मी अनुभवाने शिकलो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टचा अख्खा आराखडा मी एका ऑनलाइन ॲपमध्ये केला होता. फुकटची मर्यादा संपली आणि एक्स्पोर्टचं बटण पैसे भरल्याशिवाय चालेना. सबमिशनच्या आदल्या रात्री स्क्रीनशॉट बघून सगळं पुन्हा टाईप केलं.

फ्रीप्लेनची 'डॉट एमएम' फाईल ही साधी एक्सएमएल फाईल असते. 'डॉट एक्समाइंड' फाईल तर खरं म्हणजे झिप असते. शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि उघडलं, की नव्या आवृत्त्यांमध्ये आत 'कंटेंट डॉट जेसन' सापडते, जुन्यांमध्ये 'कंटेंट डॉट एक्सएमएल'. ॲप उद्या फोनवरून गेलं तरी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडून तुमचे मुद्दे परत काढता येतात.